वीजबचतीचा कायदा आणि वीज कंपनीचा महसूल : अमेरिकेतील चार राज्यांच्या अनुभवाचा अभ्यास

गोषवारा

वीजक्षेत्रातील ऊर्जाकार्यक्षमता वाढविण्यासाठी अमेरिकेतील अनेक राज्यांनी गेल्या पाच दशकांत स्वतंत्र कायदे केले. प्रस्तुत लेखात कॅलिफोर्निया, टेक्सास, मॅसॅच्युसेट्स आणि ओहायो या चार राज्यांच्या कायद्यांची रचना व परिणाम यांचा परामर्श घेतला आहे. जी कंपनी वीज विकून नफा मिळविते तिच्याकडेच विजेची विक्री कमी करण्याचे काम सोपविणे ही या सर्व कायद्यांतील मूळ विसंगती होय. या विसंगतीवर उपाय योजणारे, बचतीची स्वतंत्र मोजणी करणारे आणि सामान्य ग्राहकास त्यात वाटा देणारे कायदे टिकले; ज्या राज्यात कायद्यामागे असा आधार उभा राहिला नाही तेथे तो रद्द झाला, असे या अभ्यासावरून दिसते. अखेरीस महाराष्ट्रातील नियामक व्यवस्थेच्या संदर्भात या अनुभवाचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : ऊर्जाकार्यक्षमता, मागणी व्यवस्थापन, महसूल-विलगीकरण, नियामक आयोग, वीजदर.

प्रस्तावना

ऊर्जेची काटकसर आणि ऊर्जाकार्यक्षमता या दोन कल्पना व्यवहारात अनेकदा एकच मानल्या जातात. परंतु त्यांच्यात महत्त्वाचा भेद आहे. खोलीतील दिवा बंद ठेवणे ही काटकसर होय; तेवढाच प्रकाश कमी विजेत मिळविणे ही कार्यक्षमता होय. पहिलीत सुखसोयीचा त्याग अभिप्रेत असतो, दुसरीत नसतो. म्हणूनच काटकसरीसाठी आवाहन पुरेसे ठरू शकते, तर कार्यक्षमतेसाठी भांडवल, तंत्रज्ञान आणि नियम यांची जोड लागते.

ग्राहकाच्या घरी वाचलेल्या एका युनिटाचे मोल एका युनिटापेक्षा अधिक असते. पारेषण आणि वितरण यांत होणारी गळती लक्षात घेता ते एक युनिट पोहोचविण्यासाठी वीजकेंद्रात एकाहून अधिक युनिटांची निर्मिती करावी लागते आणि पारंपरिक कोळसाधारित केंद्रात जळणातील उष्णतेपैकी साधारणतः एकतृतीयांश भागाचीच वीज बनते. या कारणाने वाचलेली वीज हीच सर्वांत स्वस्त वीज, असा विचार १९७३ च्या तेलसंकटानंतर पुढे आला. अमेरिकेतील ऊर्जातज्ज्ञ अमरी लोव्हिन्स यांनी १९८० च्या दशकात अशा न वापरलेल्या विजेसाठी ‘नेगावॅट’ ही संज्ञा रूढ केली.

हा विचार कायद्यात उतरविण्याचे काम अमेरिकेत प्रामुख्याने राज्यांनी केले. त्याचे कारण तेथील अधिकारविभागणीत आहे. १९३५ च्या संघीय वीज कायद्यानुसार आंतरराज्य पारेषण आणि घाऊक विक्री या बाबी संघीय नियंत्रणाखाली आल्या. किरकोळ वीजदर आणि स्थानिक वितरण हे विषय राज्यांकडे राहिले. प्रत्येक राज्याचा स्वतःचा सार्वजनिक सेवा आयोग असून वीज कंपन्यांचे दर आणि त्यांनी कोणता खर्च ग्राहकांकडून वसूल करावा हे तो ठरवितो. परिणामी एकाच देशात एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे शोधली गेली. तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने ही परिस्थिती उपयुक्त ठरते.

मूळ विसंगती

वीज वितरण कंपनीचा खर्च दोन प्रकारचा असतो. जळण व वीजखरेदी यांवरील खर्च विक्रीबरोबर कमीअधिक होतो. तारा, उपकेंद्रे, कर्मचारी, कर्जावरील व्याज आणि भागधारकांचा परतावा यांचा खर्च मात्र बव्हंशी स्थिर असतो. हा स्थिर खर्चही प्रायः प्रतियुनिट दरातूनच वसूल केला जातो. एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होईल. एखाद्या कंपनीचा वार्षिक स्थिर खर्च १०० कोटी रुपये असून अपेक्षित विक्री ५० कोटी युनिट आहे, असे समजू. आयोग स्थिर खर्चापोटी प्रतियुनिट २ रुपये आकारण्यास मंजुरी देईल. ग्राहकांनी कार्यक्षम उपकरणे बसविल्यामुळे विक्री २ टक्क्यांनी, म्हणजे १ कोटी युनिटांनी घटली, तर कंपनीचे २ कोटी रुपये बुडतील. त्या १०० कोटींत भागधारकांचा नफा १० कोटी असेल, तर विक्रीतील २ टक्क्यांची घट नफ्यात २० टक्क्यांची घट घडवून आणील. उलटपक्षी विक्री तेवढीच वाढली तर नफा त्याच प्रमाणात फुगेल. अशा कंपनीने वीजबचतीचा मनापासून प्रचार करावा, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही.

महसूल-विलगीकरण हा या विसंगतीवरील उपाय होय. यात आयोग कंपनीचा मंजूर महसूल निश्चित करतो आणि प्रत्यक्ष विक्री त्यापेक्षा कमी किंवा अधिक झाल्यास पुढील काळातील दरात त्या फरकाची भरपाई वा परतफेड करतो. वरील उदाहरणात ४९ कोटी युनिटांवर १०० कोटी रुपये वसूल करण्यासाठी दर २ रुपयांवरून सुमारे २ रुपये ४ पैसे होईल. प्रतियुनिट ४ पैशांची ही वाढ डोळ्यांत भरते. परंतु त्याच वेळी एक कोटी युनिटांच्या वीजखरेदीचा खर्च वाचलेला असल्याने ग्राहकांच्या एकूण देयकात घट होऊ शकते. दर आणि देयक यांतील हा भेद या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. ज्याने बचत केली त्याचे देयक उतरते. ज्याने केली नाही त्याला वाढलेला दर तेवढा सोसावा लागतो.

तथापि विलगीकरणाने केवळ नुकसान टळते, लाभ होत नाही. खासगी वीज कंपनीस तिच्या भांडवली गुंतवणुकीवर परतावा मिळतो. नवे केंद्र किंवा उपकेंद्र उभारण्याची गरज टळली म्हणजे त्यावरील परतावाही टळला. म्हणून अनेक राज्यांनी उद्दिष्टपूर्तीबद्दल कंपनीस मोबदला देण्याची तरतूद केली.

कायद्याची चार अंगे

राज्यांच्या कायद्यांत तपशिलाची भिन्नता असली तरी त्यांची चार अंगे सामान्यतः आढळतात. पहिले अंग उद्दिष्टाचे. विक्रीच्या वा मागणीच्या ठराविक टक्के इतकी बचत दरवर्षी साधणे कंपनीवर बंधनकारक केले जाते. दुसरे अंग निधीचे. ग्राहकाच्या देयकात प्रतियुनिट अल्प आकार बसवून त्यातून कार्यक्षम उपकरणांवरील सवलती, घरांचे उष्णतारोधन, कारखान्यांतील मोटारींची सुधारणा आदी कार्यक्रम चालविले जातात. तिसरे अंग वर सांगितलेल्या मोबदल्याचे. चौथे अंग मोजमापाचे.

यांपैकी मोजमाप सर्वांत अवघड आहे. विकलेली वीज मीटर दाखवितो. न वापरलेली वीज कोणताही मीटर दाखवीत नाही. कार्यक्रम नसता तर किती वीज वापरली गेली असती, या अनुमानातून ती काढावी लागते. सवलत नसतानाही ज्याने कार्यक्षम यंत्र घेतलेच असते, अशा ग्राहकाची बचत कार्यक्रमाच्या खात्यावर जमा करणे योग्य नव्हे. तसेच वीज स्वस्त पडू लागल्यामुळे वापर काही प्रमाणात वाढतो, तोही वजा करावा लागतो. ही मोजणी स्वतः कंपनीने केली तर आकडे फुगण्याचा धोका संभवतो. म्हणून त्रयस्थ मूल्यमापनास महत्त्व येते. कार्यक्रमाचा खर्च आणि लाभ कोणाच्या दृष्टीने मोजावयाचा हाही प्रश्नच आहे. समाजाच्या एकूण संसाधनांच्या दृष्टीने फायदेशीर असलेला कार्यक्रम सहभागी न झालेल्या ग्राहकाच्या दृष्टीने तोट्याचा असू शकतो. कॅलिफोर्नियाने या निरनिराळ्या कसोट्यांची एक प्रमाण नियमपुस्तिका १९८३ मध्ये प्रथम सिद्ध केली आणि पुढे तिचा उपयोग त्या राज्याबाहेरही होऊ लागला.

कॅलिफोर्निया : मानकांपासून प्राधान्यक्रमापर्यंत

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९७४ मध्ये वॉरन-अल्क्विस्ट कायदा संमत केला आणि तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने राज्य ऊर्जा आयोग निर्माण झाला आणि इमारती व उपकरणे यांची किमान कार्यक्षमता ठरविण्याचा अधिकार त्यास मिळाला. त्या काळी राज्यात अनेक नव्या अणुकेंद्रांची गरज भासेल असे अंदाज मांडले जात होते. मागणीचा हा अंदाजच तपासून पाहावा, हा विचार या कायद्याच्या मुळाशी होता. एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी असलेले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांनी या कार्याला शास्त्रीय बैठक दिली. पुढे ते स्वतः या आयोगाचे सदस्य झाले.

मानकांचा परिणाम शीतकपाटाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील सर्वसाधारण घरगुती शीतकपाट वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज वापरीत असे. आधी राज्याची आणि नंतर संघीय मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्यावर २००१ पर्यंत नव्या शीतकपाटाचा वापर ५०० युनिटांच्या आसपास आला. या काळात त्याचा आकार मात्र वाढला. राज्याराज्यांची वेगवेगळी मानके पाळणे उत्पादकांना गैरसोयीचे होऊ लागले, तेव्हा त्यांनीच देशव्यापी समान मानकांची बाजू उचलून धरली आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय उपकरण ऊर्जासंधारण कायदा झाला. राज्यांच्या कायद्यांनी संघीय कायद्याला चालना दिल्याचे हे ठळक उदाहरण होय.

विजेच्या बाबतीत महसूल-विलगीकरणाची पद्धत कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये सुरू झाली. १९९६ मध्ये वीजबाजार खुला करण्याच्या धोरणात ती मागे पडली. पुढे २०००-०१ मध्ये राज्यावर तीव्र वीजसंकट ओढवले, घाऊक दर भडकले आणि भारनियमन करावे लागले. त्या वेळी मागील उन्हाळ्याच्या तुलनेत २० टक्के वापर कमी करणाऱ्या ग्राहकास देयकात २० टक्के सूट देण्याची योजना राबविण्यात आली. २००१ मध्येच विधिमंडळाने विलगीकरणाची पद्धत पुन्हा आणण्याची तरतूद केली. २००३ च्या ऊर्जा कृती आराखड्याने संसाधनांचा प्राधान्यक्रम निश्चित केला: आधी कार्यक्षमता व मागणीतील घट, मग अपारंपरिक ऊर्जा आणि त्यानंतर पारंपरिक केंद्रे. २००५ मध्ये कार्यक्षमतेच्या अग्रक्रमास कायद्याचे स्वरूप मिळाले. २०१५ च्या कायद्याने कार्यक्षमतेतून होणारी बचत २०३० पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट घालून दिले.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील तीन दशकांत अमेरिकेतील दरडोई वीजवापर सुमारे निम्म्याने वाढला. कॅलिफोर्नियातील वापर मात्र जवळजवळ स्थिर राहिला. या यशाचे संपूर्ण श्रेय कायद्याला देता येणार नाही. समशीतोष्ण हवामान, चढे वीजदर, उद्योगांचे बदललेले स्वरूप आणि कुटुंबाचा आकार यांचाही त्यात वाटा असल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. कायद्याचा नेमका वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

टेक्सास : पहिले बंधनकारक उद्दिष्ट

वीजबचतीचे बंधनकारक उद्दिष्ट कायद्यात प्रथम घालणारे राज्य टेक्सास होय, ही बाब अनेकांना अनपेक्षित वाटेल. तेल व नैसर्गिक वायू यांचे हे आगर. १९९९ मध्ये वीजबाजार खुला करणारे सिनेट विधेयक ७ संमत झाले, त्यातच ही तरतूद होती. मागणीत दरवर्षी होणाऱ्या वाढीच्या किमान १० टक्के भाग २००४ पर्यंत कार्यक्षमतेतून भागविण्याचे बंधन तारांचे जाळे सांभाळणाऱ्या कंपन्यांवर घालण्यात आले. हे उद्दिष्ट सहज गाठले गेल्याने २००७ च्या कायद्याने ते १५ आणि नंतर २० टक्क्यांवर, तर २०११ च्या कायद्याने ३० टक्क्यांवर नेले आणि त्यापुढील टप्प्यासाठी कमाल मागणीच्या ०.४ टक्के हे माप ठरविले.

या रचनेचे गुण आणि दोष एकाच गोष्टीत आहेत. उद्दिष्ट माफक असल्याने त्यास विरोध फारसा झाला नाही आणि राजकीय वातावरण बदलूनही कायदा टिकला. परंतु एकूण विक्रीऐवजी वाढीच्या टक्केवारीवर आधारल्यामुळे त्याचा आवाका लहान राहिला. फेब्रुवारी २०२१ मधील हिमवादळात याची किंमत दिसून आली. थंडीने अनेक वीजकेंद्रे आणि वायुपुरवठा बंद पडला हे संकटाचे मुख्य कारण होते. परंतु अपुरे उष्णतारोधन असलेल्या, विजेच्या तापकांवर चालणाऱ्या घरांनी मागणी विक्रमी पातळीकडे नेली, हेही तितकेच खरे. अखेर सुमारे २०,००० मेगावॅट इतके भारनियमन करावे लागले. राज्याच्या आरोग्य विभागाने या वादळातील मृत्यूंची संख्या २४६ अशी नोंदविली. घराच्या भिंतीतील उष्णतारोधक थर हा देयक कमी करण्यापुरता नसून वीज गेल्यावर काही तास घर उबदार ठेवणारा सुरक्षेचा उपायही आहे, हे या प्रसंगाने अधोरेखित केले.

मॅसॅच्युसेट्स : किफायतशीर ती सर्व बचत

मॅसॅच्युसेट्सने जुलै २००८ मध्ये हरित समुदाय कायदा केला. त्यात कंपन्यांसाठी वार्षिक बचतीची विशिष्ट टक्केवारी नमूद केलेली नाही. पुरवठ्याच्या खर्चापेक्षा स्वस्त असेल तितकी सर्व बचत कंपन्यांनी आधी मिळवावी, असे तत्त्व त्यात मांडले आहे. त्यानुसार कंपन्यांना दर तीन वर्षांनी आराखडा सादर करावा लागतो आणि ग्राहक, व्यवसाय, कामगार, पर्यावरण, अल्पउत्पन्न कुटुंबे आदींचे प्रतिनिधित्व असलेली सल्लागार परिषद त्याची छाननी करते. विजेसंबंधीच्या कार्यक्रमांवरील खर्चापैकी किमान १० टक्के रक्कम अल्पउत्पन्न ग्राहकांसाठी राखून ठेवण्याचे बंधनही या कायद्यात आहे. ईशान्येकडील राज्यांच्या कर्बउत्सर्जन परवान्यांच्या लिलावातून येणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग याच कामाकडे वळविण्यात आला. त्याच महिन्यात राज्याच्या नियामक विभागाने महसूल-विलगीकरणाचा आदेश काढला. चारही अंगे एकाच वेळी जुळून आल्याने परिणाम लवकर दिसला. ऊर्जाकार्यक्षमतेच्या राज्यनिहाय क्रमवारीत २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कॅलिफोर्नियाला मागे टाकून पहिले स्थान मिळविले.

या राज्यातही प्रश्न संपलेले नाहीत. कार्यक्रमांची व्याप्ती उष्णता पंपांपर्यंत वाढली तसा खर्चही वाढला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात देयके फुगल्याची ओरड झाली, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये नियामक विभागाने २०२५ ते २०२७ या काळाच्या सुमारे ५ अब्ज डॉलरच्या आराखड्यात ५० कोटी डॉलरची कपात केली. दीर्घकालीन लाभासाठी आजचा आकार किती सोसावा, हा वाद सुस्थापित कायद्यालाही चुकत नाही. मात्र येथे खर्चाला कात्री लागली, तरी कायद्याचे मूळ तत्त्व अबाधित राहिले.

ओहायो : कायद्याची उभारणी आणि निरसन

ओहायोचा अनुभव याहून निराळा आणि अधिक बोधप्रद आहे. मे २००८ मध्ये गव्हर्नर टेड स्ट्रिकलंड यांनी सिनेट विधेयक २२१ वर स्वाक्षरी केली. दोन्ही पक्षांनी त्यास मोठा पाठिंबा दिला होता. २००९ मध्ये विक्रीच्या ०.३ टक्के इतक्या बचतीपासून प्रारंभ करून २०२५ पर्यंत एकूण २२ टक्के बचत साधण्याचे उद्दिष्ट त्यात होते. कार्यक्रमांचा खर्च आणि बुडालेला महसूल वसूल करण्याची सोयही कंपन्यांना मिळाली होती.

कागदावर पूर्ण भासणाऱ्या या कायद्याच्या अंमलबजावणीतील उणीव पहिल्याच वर्षी उघड झाली. २००९ मध्ये फर्स्टएनर्जी या कंपनीने प्रत्येक ग्राहकास दोन सीएफएल दिवे पाठविण्याची योजना आखली. त्यापोटी दरमहा ६० सेंट याप्रमाणे तीन वर्षे, म्हणजे एकंदर २१.६० डॉलर देयकात आकारले जाणार होते. दुकानात हेच दिवे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळत होते. या रकमेत न विकल्या गेलेल्या विजेबद्दलची भरपाईही धरली होती. न मागितलेल्या दिव्यांची आणि न वापरलेल्या विजेची किंमत आपण का द्यावी, असा संताप ग्राहकांत पसरला आणि योजना थांबवावी लागली. भरपाईचे तत्त्व अर्थशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय असले, तरी ग्राहकाला विश्वासात न घेता ते राबविल्यास कायद्याची नैतिक पतच धोक्यात येते, हे या घटनेने दाखविले.

पुढील वर्षांत मोठ्या उद्योगांचा व काही वीज कंपन्यांचा विरोध संघटित झाला. जून २०१४ मध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांच्या स्वाक्षरीने सिनेट विधेयक ३१० कायदा झाले आणि उद्दिष्टांची वाढ दोन वर्षांसाठी गोठविण्यात आली. शेजारच्या इंडियाना राज्यानेही त्याच वर्षी आपले बचतीचे उद्दिष्ट रद्द केले. ओहायोमधील स्थगिती आणखी लांबविणारे विधेयक डिसेंबर २०१६ मध्ये विधिमंडळाने संमत केले, तेव्हा त्याच केसिक यांनी नकाराधिकार वापरून ते रोखले.

निर्णायक आघात २०१९ मध्ये झाला. त्या वर्षी जुलैमध्ये गव्हर्नर माइक डिवाइन यांनी हाऊस बिल ६ वर स्वाक्षरी केली. डेव्हिस-बेसी व पेरी या दोन अणुकेंद्रांना वर्षाला सुमारे १५ कोटी डॉलर देण्यासाठी ग्राहकांवर नवा आकार बसविण्याची तरतूद त्यात होती. कोळशावरील दोन जुन्या केंद्रांनाही साहाय्य मिळाले. या आकाराचा भार जाणवू नये म्हणून बचतीच्या कार्यक्रमांचा आकार काढून टाकण्यात आला. एकत्रित बचत १७.५ टक्क्यांवर पोहोचताच उद्दिष्ट संपुष्टात यावे, असे ठरले आणि २०२० च्या अखेरीनंतर कार्यक्रम आवरते घेण्यात आले. कायद्याविरुद्ध सार्वमत घेण्याचा प्रयत्न पुरेशा स्वाक्षऱ्यांअभावी फसला.

वर्षभरातच या कायद्यामागील व्यवहार उघडकीस आला. जुलै २०२० मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती लॅरी हाऊसहोल्डर यांना संघीय तपासयंत्रणेने अटक केली. हा कायदा घडवून आणण्यासाठी सुमारे ६ कोटी डॉलरची लाच एका तथाकथित जनहित संस्थेमार्फत देण्यात आल्याचा आरोप होता. जुलै २०२१ मध्ये फर्स्टएनर्जीने अभियोक्त्यांशी झालेल्या करारात आपली भूमिका मान्य करून २३ कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. मार्च २०२३ मध्ये ज्यूरीने हाऊसहोल्डर यांना दोषी ठरविले आणि जूनमध्ये त्यांना २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या प्रकरणातील एक तांत्रिक बाब विशेष लक्षणीय आहे. हाऊस बिल ६ मध्ये विलगीकरणाचीही तरतूद होती. तिच्यामुळे फर्स्टएनर्जीला २०१८ च्या पातळीवरील महसुलाची हमी मिळाली. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स येथे ज्या उपायाने कंपनीस बचतीकडे वळविले, तोच उपाय येथे बचतीचे बंधन काढून घेऊन देण्यात आला. बंधनाविना दिलेले विलगीकरण म्हणजे विक्री घटली तरी उत्पन्न न घटण्याची निव्वळ हमी होय. मार्च २०२१ च्या कायद्याने ही तरतूद व अणुकेंद्रांचे साहाय्य रद्द झाले आणि विलगीकरणापोटी गोळा झालेली रक्कम ग्राहकांना परत करण्यात आली. कोळसा केंद्रांचे साहाय्य संपविणारा कायदा मात्र २०२५ मध्ये झाला. बचतीचे उद्दिष्ट २०२१ च्या निरसनातही पुनःस्थापित झाले नाही. लाच सिद्ध झाली, दंड व शिक्षा झाली. परंतु त्या व्यवहारात जे मोडले गेले ते पुन्हा उभे राहिले नाही.

तुलनात्मक विवेचन

चार राज्यांची तुलना करता असे दिसते की उद्दिष्टाचा आकडा हा कायद्याच्या सामर्थ्याचा पुरेसा निकष नाही. ओहायोचे २२ टक्के हे उद्दिष्ट टेक्सासच्या उद्दिष्टापेक्षा कितीतरी महत्त्वाकांक्षी होते. टिकले मात्र टेक्सासचे. मॅसॅच्युसेट्सने कंपन्यांना वार्षिक बचतीचा आकडा न देता तत्त्व दिले आणि ते जपण्यासाठी ग्राहकांचे प्रतिनिधी असलेली परिषद उभी केली. कॅलिफोर्नियाने मानके, प्राधान्यक्रम आणि विलगीकरण हे तीन स्वतंत्र आधार निर्माण केले. त्यामुळे १९९६ मध्ये एक आधार निखळूनही उर्वरित व्यवस्था उभी राहिली.

यामागे एक सामाजिक कारणही आहे. नव्या वीजकेंद्राचे लाभार्थी मोजके, संघटित आणि जागरूक असतात. वीजबचतीचे लाभार्थी लाखो असतात. परंतु प्रत्येकाचा लाभ अल्प व अदृश्य असतो. न उभारलेल्या केंद्राचे उद्घाटन होत नाही. म्हणून ज्या कायद्यात या विखुरलेल्या लाभार्थ्यांना आवाज मिळण्याची व्यवस्था नसते, तो कायदा संघटित हितसंबंधांपुढे टिकाव धरू शकत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात वीज हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत आहे. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ आणि विद्युत कायदा, २००३ हे दोन्ही केंद्रीय कायदे असले, तरी त्यांची अंमलबजावणी बव्हंशी राज्यांच्या यंत्रणांवर अवलंबून असते. पहिल्या कायद्याखाली महाराष्ट्रात महाऊर्जा ही निर्देशित संस्था आहे. दुसऱ्या कायद्याखाली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवितो. आयोगाने २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाची अंमलबजावणी आणि त्याच्या किफायतशीरपणाचे मूल्यमापन यांविषयी दोन स्वतंत्र विनियम केले. त्यांतील खर्च-लाभाच्या कसोट्या कॅलिफोर्नियाच्या नियमपुस्तिकेतून आलेल्या परंपरेतील आहेत. त्यामुळे अमेरिकी राज्यांच्या अनुभवाशी महाराष्ट्राचा संबंध केवळ तात्त्विक नाही.

तथापि कसोट्या समान असल्या तरी परिस्थिती समान नाही. विक्रीतील चढउतार आयोगाच्या पद्धतीत अनियंत्रित घटक मानला जातो व त्याचा परिणाम पुढील दरनिश्चितीत विचारात घेतला जातो. म्हणजे विलगीकरणासारखी व्यवस्था काही अंशी अस्तित्वात आहे. परंतु येथे निरनिराळ्या ग्राहकवर्गांना निरनिराळे दर असून उद्योग व व्यापारी ग्राहक कृषी ग्राहकांचा काही भार उचलतात. त्यामुळे कोणत्या ग्राहकाचे युनिट वाचले यावर कंपनीचा नफातोटा ठरतो. व्यापारी संकुलातील वाचलेले युनिट कंपनीच्या सर्वांत किफायतशीर विक्रीतून वजा होते. कृषिपंपाचे वाचलेले युनिट मात्र पुरवठ्याच्या खर्चाहून कमी दराने होणारी विक्री टाळते. कार्यक्षम पंप बसविण्यात शेतकऱ्यास दरातील सवलतीमुळे फारसा आर्थिक लाभ दिसत नाही. वितरण कंपनी आणि अनुदान देणारे शासन यांना तो दिसावयास हवा. म्हणजेच अमेरिकेत जी विसंगती कंपनी आणि समाज यांच्यात आहे, ती येथे कृषिक्षेत्रात ग्राहक आणि समाज यांच्यात आहे. परक्या कायद्याची कलमे जशीच्या तशी उचलण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शिवाय अनेक कृषिपंपांना मीटर नसल्याने मूळ वापराचाच अंदाज बांधावा लागतो. अशा स्थितीत बचतीचे मोजमाप दुहेरी अनुमानावर विसंबते.

समारोप

वीजक्षेत्रातील कार्यक्षमतेचा प्रश्न तंत्रज्ञानाचा असल्याचे सामान्यतः मानले जाते. चार राज्यांचा अनुभव पाहता तो तितकाच विधिरचनेचा आणि सार्वजनिक विश्वासाचा आहे. बंधन आणि मोबदला ही दोन्ही एकत्र असावी लागतात: मोबदल्याविना बंधन घातल्यास कंपनी ते टाळण्याचे मार्ग शोधते आणि बंधनाविना मोबदला दिल्यास तो ग्राहकाच्या खिशातून दिलेले अनुदान ठरतो. या दोहोंच्या मध्ये त्रयस्थ मोजमाप आणि ग्राहकाचा सहभाग यांची गरज असते. ओहायोमध्ये बचतीच्या आकाराविरुद्ध बोलणारे संघटित होते. बचतीच्या बाजूने बोलण्यासाठी, आपले देयक नेमके कशामुळे कमी झाले हे ग्राहकाला ठाऊक असणे आवश्यक होते. ते त्याला सांगणे हेही कायद्याचेच काम आहे.